वस्तीजवळ हरणाच्या शिकारीसाठी कमी आवाजाची रायफल कशी निवडावी

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे खालचं सगळं अमेरिकेपुरतं समजा. तिथे ओहायो, पेनसिल्व्हेनिया, टेक्सससारख्या राज्यांत आपली बरीच मंडळी आता शहराबाहेर पाच-दहा एकर जागा घेऊन राहतात. मागच्या रानात व्हाइटटेल हरणांचे कळप फिरतात, भाजीपाला फस्त करतात, रात्री गाडीपुढे येतात. हंगामात परवाना काढून एखादं हरीण मारायचं ठरतं आणि पहिला प्रश्न पडतो तो आवाजाचा. पहाटे साडेसहाला बार काढला तर शेजारचं तान्हं मूल उठणार, कुत्री भुंकणार आणि कोणीतरी पोलिसांना फोन करणार. मग दुकानात जाऊन विचारलं जातं, ‘सर्वात कमी आवाजाची रायफल कोणती?’

माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधी दोन प्रश्न सुटले पाहिजेत, आणि कधीकधी तेवढ्यावरच रायफलचा विषय संपतो.

१. राज्याची नियमपुस्तिका आधी वाचा

प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी शिकारीची नियमपुस्तिका काढतं. फुकट मिळते. तीन गोष्टी शोधा: हरणासाठी कोणतं हत्यार चालतं, घरापासून किती अंतर सोडायचं आणि सायलेन्सर चालतो का. सायलेन्सरला तिकडे दुकानदार आणि शिकारी सप्रेसर म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरतो.

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसून बार होणारी, म्हणजे मोठ्या शिकारीची नेहमीची रायफल) चालतच नाही. शॉटगन, तोंडाकडून भरायची मझललोडर आणि धनुष्यबाण एवढंच. ओहायोत २०१४ पासून रायफल चालते, पण काडतुसाचं कवच सरळ भिंतीचं, म्हणजे मानेशी निमुळतं न होणारं हवं, आणि व्यास ०.३५७ ते ०.५० इंच. म्हणजे शांत रायफल म्हणून सगळीकडे जिचं नाव घेतलं जातं ती .३०० ब्लॅकआउट (हे खरं तर तिच्या काडतुसाचं नाव) ओहायोत हरणासाठी बाद.

अंतराचंही तसंच. वस्ती असलेल्या घरापासून पेनसिल्व्हेनियात १५० यार्ड, न्यू जर्सीत ४५० फूट, न्यूयॉर्कमध्ये ५०० फूट. राहणाऱ्याच्या परवानगीने काही ठिकाणी सूट मिळते. पाच एकरांच्या चौकोनी जागेची एक बाजू साधारण १५५ यार्ड भरते. मध्ये तुमचं घर, चारी बाजूंना शेजाऱ्यांची. नकाशावर प्रत्येक घराभोवती या अंतराची वर्तुळं काढून बघा; बऱ्याच जणांच्या जागेत बंदूक चालवायला कोपराच उरत नाही. शिवाय शहराचा किंवा टाउनशिपचा बंदूक चालवण्यावर वेगळा मनाई नियम असू शकतो. तो शिकारीच्या पुस्तिकेत सापडत नाही, टाउनशिपच्या कचेरीत फोन करून विचारावा लागतो.

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्याला एक अपवाद आहे. मित्राची रायफल ‘जरा हातात घेऊन बघतो’ हेही या मनाईत येऊ शकतं. नोकरी आणि ग्रीन कार्डचा अर्ज पणाला लावण्याआधी वकिलाला विचारा.

२. गोळी कुठे थांबणार ते ठरवा

आवाज कमी झाला म्हणून गोळी कमी लांब जात नाही. सावकाश जाणारी जड गोळीसुद्धा मोकळ्यात मैलभर जाऊ शकते, आणि कडक जमिनीवर किंवा दगडावर आपटून उसळण्याची तिची खोड वाईट. म्हणून हरणाच्या मागे मातीचा चढ किंवा बांध हवा. झाडोरा म्हणजे अडथळा नव्हे.

सपाट रानात सोपा उपाय म्हणजे मचाण. झाडावर १५ ते २० फुटांवर बसलात की नेम खाली लागतो आणि गोळी हरणापलीकडच्या जमिनीत घुसते. अर्थात जवळच्याच हरणासाठी. ऐंशी यार्डांवरच्या हरणासाठी तो उतार फार उरत नाही. मचाणावर चढताना अंगाला पूर्ण पट्टा बांधा आणि रायफल रिकामी करून दोरीने वर ओढा.

या दोन पायऱ्यांवर अडलात तर सरळ क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) घ्या. मला तर घरांच्या दाटीत तोच योग्य वाटतो. चाळीस यार्डांच्या आत त्याचा बाण हरणाला पुरेसा पडतो, आवाज शेजारच्या अंगणातही जेमतेम जातो, चुकलेला बाण गोळीसारखा दूर जात नाही. पेनसिल्व्हेनियात बंदुकीसाठी १५० यार्डांचं असलेलं अंतर धनुष्य आणि क्रॉसबोसाठी ५० यार्डांवर येतं, ते काही उगाच नाही. व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीतल्या वस्त्यांमध्ये हरणं आटोक्यात ठेवायला काउंटीच धनुर्धारी शिकाऱ्यांचा कार्यक्रम चालवते.

३. आवाज नेमका कशाचा, हे समजून घ्या

नियमही बसतोय, मातीही आहे, तर पुढे चला. रायफलच्या बारात मुख्यतः दोन आवाज असतात. एक नळीच्या तोंडाशी दारूचा गरम वायू एकदम सुटतो त्याचा. दुसरा गोळीचा स्वतःचा: ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी वाटभर चाबूक ओढल्यासारखा कडाका काढत जाते. सप्रेसर पहिला आवाज दाबतो. दुसऱ्याला तो हातही लावत नाही.

हा कडाका गोळी जिथे अडते तिथे संपतो, आणि बंदुकीच्या मागे असलेल्यांना तो समोरच्या-बाजूच्यांपेक्षा खूप कमी ऐकू येतो. म्हणून मचाण कुठे आणि तोंड कुणीकडे यानेही शेजाऱ्याच्या कानावर पडणारा आवाज बदलतो. घरांकडे पाठ असावी, गोळी ५० यार्डांत मातीत जावी. यात दमडी खर्च होत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच हवं असतं.

आकडे बघा. साध्या सेंटरफायर रायफलचा बार नळीजवळ साधारण १६० ते १७० डेसिबल. चांगला सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो, म्हणजे तरीही १३५ च्या आसपास. सिनेमातला ‘फुस्स’ विसरा. कानाला एका दणक्यात इजा होण्याची धोक्याची पातळी १४० मानतात, त्यामुळे सप्रेसर असला तरी कानात बोळे घालणं शहाणपणाचं.

४. काडतूस: सबसॉनिकच्या मोहात पडू नका

कडाका घालवायचा तर गोळी ध्वनीपेक्षा हळू हवी. २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ११२५ फूट, शून्य अंशाला १०८७ च्या आसपास. सबसॉनिक काडतुसं १००० ते १०५० च्या दरम्यान बनवतात. सप्रेसर लावून .३०० ब्लॅकआउटची सबसॉनिक गोळी झाडली की खरोखर आश्चर्य वाटावं इतका कमी आवाज होतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून सगळे इथेच भाळतात.

हरणाच्या बाजूने हिशोब करा. १९० ग्रेन (सुमारे १२ ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला १०५० फूट वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे ४६५ फूट-पौंड ऊर्जा असते. जुने शिकारी हरणासाठी हजार फूट-पौंडांचा ठोकताळा सांगतात. त्याच रायफलमधून ११० ग्रेनची वेगवान गोळी २३५० फुटांनी गेली तर ऊर्जा साडेतेराशेच्या घरात जाते. वेगवान गोळी आतल्या ऊतींना धक्का देते. सावकाश गोळी फक्त भोक पाडते. हरीण पळतं, आणि वस्तीजवळ पळालेलं हरीण कुणाच्या तरी झोपाळ्यापाशी जाऊन पडतं. त्याच्या मागे जायला त्या घरमालकाची परवानगी लागते. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून केलेला सगळा खटाटोप तिथेच वाया जातो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिकारीसाठी सप्रेसर सर्रास वापरतात, पण १९९१ च्या हरीण कायद्यानुसार मोठ्या हरणांसाठी नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा असलीच पाहिजे. म्हणजे सबसॉनिक तिथे आपोआप बाद. मला ही भूमिका पटते.

तरीही सबसॉनिकच हवी असेल तर कमी वेगात उमलण्यासाठी खास बनवलेली गोळीच घ्या. निशाणेबाजीची साधी गोळी सुईसारखी आरपार जाते. अंतर ५० यार्डांच्या आसपास ठेवा. पन्नासला नेम बांधलेली अशी गोळी ७५ यार्डांवर दोन-अडीच इंच आणि १०० यार्डांवर सुमारे सात इंच खाली लागते. हरणाची छातीची मर्मजागा आठेक इंचांची, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला की जखमी हरीण.

बहुतेकांसाठी माझा सल्ला असा: सप्रेसर, आणि मध्यम ताकदीचं वेगवान काडतूस. .३०० ब्लॅकआउटमध्ये .३०८ विंचेस्टर या मोठ्या काडतुसाच्या निम्म्याहून कमी दारू लागते, त्यामुळे तोंडाशी दाबायचा वायूच कमी. ओहायोसारख्या राज्यात .३५० लेजेंड घ्या. विंचेस्टरने २०१९ साली ते सरळ भिंतीच्या नियमांसाठीच आणलं. १५० ग्रेनची गोळी, वेग सुमारे २३२५ फूट, धक्काही सौम्य. कडाका राहतो, पण पन्नास यार्डांत तो क्षणाचाच असतो.

५. सप्रेसर

अमेरिकेत ४२ राज्यांत सप्रेसर बाळगता येतो. कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड ही आठ राज्यं बाहेर. कनेक्टिकटमध्ये बाळगता येतो, पण शिकारीला चालत नाही. पेनसिल्व्हेनियात नोंदवलेला सप्रेसर गाडीत विसरून न्यू जर्सीतल्या एडिसनला सत्यनारायणाच्या पूजेला गेलात तर तो तिथे गुन्हा ठरतो.

हायरम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९३४ च्या संघीय कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसवला. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झाला आहे. नोंदणी मात्र कायम: परवानाधारक दुकानातून अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरी. मंजुरीआधी तो दुकानातच राहतो. ‘सफाई किट’ म्हणून परदेशातून येणाऱ्या स्वस्त नळकांड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. नोंदणीशिवाय तो संघीय गुन्हा आहे.

निवडताना भोकाचा व्यास काडतुसाला जुळतो ना ते बघा. .३० च्या सप्रेसरमधून .३५० लेजेंडची गोळी जात नाही, सप्रेसरच फोडते.

६. रायफल

आता दुकानात जा. बोल्ट ॲक्शन (दर बारानंतर हाताने खिटी ओढून पुढचं काडतूस भरायची) किंवा एकबारी घ्या. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये बार झाल्याबरोबर मागचा भाग उघडतो, तिथून वायू आणि आवाज निसटतो, शिवाय लोखंडाचा खडखडाट.

नळी १६ ते २० इंच. .३०० ब्लॅकआउटची दारू लवकर जळते, तिला १६ पुरते. त्याहून आखूड नळी असलेली रायफल वेगळ्या नोंदणीखाली येते. सप्रेसर बसवायला नळीच्या तोंडाला कारखान्यातच आटे पाडलेले असावेत; रुगर अमेरिकन रँचसारख्या मध्यम किमतीच्या रायफलींना ते असतात. .३०० ब्लॅकआउटमध्ये जड गोळी वापरणार असाल तर नळीतला पीळ सात किंवा आठ इंचांत एक वेढा असा हवा, नाहीतर गोळी डगमगते आणि सप्रेसरच्या आतल्या चकत्यांना घासते. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा) मात्र नको. तो धक्का कमी करतो आणि आवाज बाजूंना फेकतो.

घरात .२२३ ची रायफल असेल तर .३०० ब्लॅकआउटची काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा. ती .२२३ मध्ये बसू शकतात, आणि झाडली तर रायफल तोंडावर फुटते.

७. हंगामाच्या आधी

सप्रेसर लावला की नेम बदलतो, म्हणून तो लावूनच रेंजवर नेम बांधा, तोही शिकारीला वापरणार त्याच काडतुसाने. दर काही बारांनी सप्रेसर ढिला झाला नाही ना ते, रायफल रिकामी करून, हाताने तपासा. थंड सप्रेसरमधला पहिला बार जरा मोठा वाजतो, कारण आतल्या हवेतला ऑक्सिजन जळतो. शिकारीत तोच एक बार काढायचा असतो, त्यामुळे आवाजाचा अंदाज त्यावरून घ्या.

आणि शेजाऱ्यांकडे आधीच जाऊन या. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला तोंड करून बसणार ते सांगा, फोन नंबर द्या. हरीण त्यांच्या हद्दीत गेलं तर आत येऊ का, हेही तेव्हाच विचारा आणि जमल्यास लिहून घ्या.