जुन्या एसीतला आर-२२ हवेत सोडू नका
आधी बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा. ‘आर-२२’ (एसीत थंडावा आणणारा एक वायू) लिहिलं असेल, तर तो वायू ओझोनच्या मुळावर येतो: त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकच अणू स्थितांबरात ओझोनचे हजारो रेणू मोडतो. म्हणून मेकॅनिकला रिकव्हरी मशीन, म्हणजे एसीतला वायू ओढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र, आणायला सांगाच. तो सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. उन्हात द्रव फुगून तो फुटू शकतो.

गॅस आपोआप ‘संपत’ नाही, गळतो. त्यामुळे नुसता टॉप-अप म्हणजे पुन्हा गळती. कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन फ्लेअर जोडांना (नळीचं टोक पसरवून नटने आवळलेल्या जोडांना) साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे दोष. दुरुस्तीनंतर पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे उरलेला दाब मोजायचं एकक) व्हॅक्यूम, मगच वजन करून गॅस. नव्या एसींत असतो तो आर-३२ वायू या जुन्या यंत्रात कधीच भरू नका: दाब जास्त, शिवाय पेट घेतो.