रॉयल आयसिंगच्या कुकीज नेमक्या बिघडतात कुठे? नाताळच्या आधी या चुका टाळा

रॉयल आयसिंग म्हणजे आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून कुकीवर द्यायचा, वाळून कडक होणारा साखरेचा थर. डिसेंबरची वीस तारीख जवळ आली की मला मेसेज यायला लागतात, ताई आयसिंग वाळतच नाहीये, ताई लाल रंग सगळा पांढऱ्यात उतरला, ताई मधेच खड्डा पडला आता काय करू. मी नाशिकच्या इंदिरानगरला घरूनच कुकीजच्या ऑर्डर घेते आणि दरवर्षी बघते की तक्रारी दहा प्रकारच्या असल्या तरी फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात, एक तर आयसिंगमधे पाणी जास्त पडलेलं असतं नाहीतर वाळायला वेळ दिलेला नसतो. त्यामुळे ऑर्डर हातात असेल तर आधी हे वाचा आणि मग मिक्सर काढा.

सुरुवात कुकीपासूनच करू कारण निम्मा घोळ तिथे होतो. खूप जणी विचारतात की बेकरीतून नानखटाई आणून तिच्यावरच आयसिंग केलं तर चालेल का? नाही चालत. नानखटाई फुगलेली असते, वरून तडकलेली असते आणि तिच्यात तूप भरपूर, ते तूप एका रात्रीत आयसिंगमधून वर येतं आणि पांढऱ्यावर पिवळट तेलकट डाग दिसायला लागतात. आयसिंगला सपाट शुगर कुकीच हवी, म्हणजे मैदा, बटर आणि साखरेची साधी कुकी. माझं माप साधं आहे, ४०० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम बारीक साखर, एक अंडं, थोडा व्हॅनिला, आणि बेकिंग पावडर मी घालतच नाही कारण तिने कडा पसरतात आणि चांदणीचं फूल होतं. पाव इंच जाड लाटायची, आकार कापून झाले की ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमधे ठेवायचे आणि मग १७० डिग्रीला कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत भाजायच्या. आणि पूर्ण गार होऊ द्या, हाताला गार लागली म्हणजे आतून गार झाली असं नसतं, मी तर रात्री भाजते आणि सकाळी आयसिंगला बसते.

आता आयसिंग. पाव किलो आयसिंग शुगरला एका अंड्याचा पांढरा बलक, किंवा दीड मोठा चमचा मेरिंग पावडर (वाळवलेल्या बलकाची तयार पूड) आणि तीन मोठे चमचे पाणी, आणि दोन-चार थेंब लिंबाचा रस. कच्च्या अंड्याबद्दल स्पष्ट सांगते, लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं खाणार असतील तर कच्चा बलक वापरूच नका, मेरिंग पावडर केकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळते. घरात अंडं चालत नसेल तर तिचं पाकीटही वाचून घ्या, कारण मेरिंग पावडर बहुतेक वेळा अंड्याचीच असते आणि हे कित्येकींना माहीतच नसतं. अशा वेळी बिनमीठ-बिनसोड्याचे छोले शिजवून त्यांचं दाट पाणी फेटायचं, त्याचाही फेस छान उभा राहतो.

फेस उभाच राहत नसेल तर भांडं बघा. प्लास्टिकच्या भांड्याला तेलाचा अंश धुतल्यावरही चिकटून राहतो आणि तेवढ्यानेही बलक बसतो. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या, लिंबाच्या फोडीने पुसा, कोरडं करा. बलक वेगळा करताना पिवळा थेंब पडला असेल तर तो बलक आमलेटला वापरा आणि दुसरं अंडं फोडा. साखरही घरी मिक्सरवर दळलेली नको, कितीही दळली तरी कण राहतात आणि तो एक कण नेमका आयसिंग भरलेल्या कोनच्या तोंडाशी येऊन अडकतो, मग आपण जोर लावतो आणि भसकन गोळा बाहेर. विकतची आयसिंग शुगरसुद्धा चाळूनच घ्यायची.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या घट्ट-पातळच्या. एकच आयसिंग करून त्यानेच सगळं करायला जातात आणि तिथेच फसतं. रांगोळी काढताना आपण आधी रेघ काढतो आणि मग रंग भरतो ना, इथेही तेच, फक्त रेघेचं आयसिंग वेगळं आणि भरायचं वेगळं. रेघेसाठी मेंदीच्या कोनातून मेंदी येते तितपत घट्ट, म्हणजे चमचा वर उचलला की टोक उभं राहून हळूच वाकतं. ज्यांना मेंदी काढता येते त्यांचा हात इथे लगेच बसतो, कोन टेकवायचा नाही, थोडा वर धरायचा आणि रेघ खाली पडू द्यायची. भरायच्या आयसिंगसाठी एक परीक्षा आहे, भांड्यातल्या आयसिंगमधून सुरी ओढा आणि मनात मोजा. पडलेली चीर १५ आकडे मोजेपर्यंत मिटली तर बरोबर, ७-८ मधेच मिटली तर पातळ आहे आणि रेघ ओलांडून खाली वाहणार, २५ झाले तरी चीर दिसतेय तर घट्ट आहे आणि वर लाटा राहणार. पाणी चमच्याने घालूच नका, ड्रॉपरने किंवा स्प्रेच्या बाटलीने घाला, कारण पाव किलोला अर्धा चमचा पाणीसुद्धा खूप फरक करतं. पातळ झालंच तर चाळलेली साखर थोडी थोडी मिसळत जा, पण खरं तर घट्ट आयसिंगचा एक वाडगा बाजूला राखून ठेवा आणि त्यातलं मिसळा, ते लवकर सुधारतं.

बुडबुडे येतात ते जोरात फेटल्यामुळे. भरायचं आयसिंग हाताने हलवा, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, राहिलेले टूथपिकने फोडा, झालं.

रंगाचं मात्र नीट सांगते. तीन वर्षांपूर्वी मला तीन डझन सांता कुकीजची ऑर्डर होती, लाल टोपी, पांढरी दाढी. लाल हवा तसा गडद येईना म्हणून मी रंग घालत गेले, घालत गेले, संध्याकाळी वरून हात लावला तर कोरडं वाटलं म्हणून डब्यात भरून झाकण लावलं. सकाळी डबा उघडला तर टोपीच्या कडेने दाढीत गुलाबी ओघळ उतरलेले, अगदी शाई टिपकागदावर पसरते तसे. वरची साय वाळली होती पण आत ओल होती, डब्यात ती ओल कुठे जाणार, ती रंग घेऊन पांढऱ्यात गेली. उतरलेला रंग परत काढता येत नाही, मी घट्ट पांढरं आयसिंग घेऊन दाढीवर जाड कुरळ्या रेघा ओढल्या आणि ओघळ झाकले, ऑर्डर गेली पण ती सकाळ माझ्या लक्षात राहिली. तेव्हापासून लाल आणि काळा मी आदल्या दिवशीच कालवते. हे दोन्ही रंग ठेवल्यावर आपोआप गडद होतात, त्यामुळे हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच थांबायचं. काळ्यासाठी सुरुवातच तपकिरी रंगाने केली तर काळा कमी लागतो आणि जिभा काळ्या होत नाहीत. गडद रंग आधी भरून तो रात्रभर पूर्ण वाळला की मगच शेजारी पांढरा. आणि जेल रंगच घ्या, पाण्यासारख्या रंगाने आयसिंग पातळ होतं आणि चॉकलेटसाठी जे तेलातले रंग मिळतात त्याने फुटतं.

खड्डे पडतात ते नेमके लहान जागेत, सांताचं नाक, हरणाचा कान, बटण. लहान जागेत पातळ आयसिंग ओतलं की वरचा थर वाळायच्या आधीच आतलं खाली बसतं. तिथे भरायचं आयसिंग थोडं घट्टच घ्या, आणि ओतायच्या आधी घट्ट आयसिंगची नागमोडी रेघ खाली घालून ठेवा म्हणजे वरच्याला आधार मिळतो. भरून झालं की लगेच पंख्याखाली ठेवा. पंख्याचा वारा फार महत्त्वाचा आहे, वरचा थर पटकन धरला की खड्डा पडत नाही आणि चमकही येते.

वाळवण म्हटलं की आपल्याकडे पाय आपोआप गच्चीकडे वळतात, पापड कुरडयांची सवय. पण कुकीज उन्हात ठेवू नका, कुकीतलं बटर सुटून वर येतं आणि गुलाबी-जांभळे रंग उडतात. फ्रीजमधेही नको, बाहेर काढल्या की वर दव धरतं आणि सगळे रंग एकमेकांत. घरातच, सावलीत, एका थरात, आठ ते बारा तास. नाशिकचा डिसेंबर या कामाला फार चांगला आहे, निफाडला पारा एक आकड्यावर येतो त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की कुकीज सुरेख वाळतात, पावसाळ्यात याच कुकीजना दीड दिवस लागतो. माझी आजी संक्रांतीचा हलवा थंडीतच करायची, चमचा चमचा पाक घालायची आणि आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा घालायची नाही, म्हणून काटा येतो म्हणायची. साखरेचं हे काम आहेच असं. फक्त याच कोरड्या हवेने वाडग्यातल्या आयसिंगवरही पाच मिनिटांत खपली धरते, म्हणून वाडग्यावर ओलं फडकं घट्ट पिळून टाका आणि कोनची टोकंही ओल्या फडक्यात ठेवा.

नाताळच्या कुकीज झाल्या की मी त्याच आयसिंगवर संक्रांतीच्या पतंगांना लागते, इकडे येवल्याच्या पतंगांचं वेड सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे पतंगाच्या कुकीजना मागणी भरपूर. पतंगात चार रंग एकमेकांना चिकटून असतात, तेव्हा समोरासमोरचे दोन भाग आधी भरा, ते वाळू द्या आणि मग उरलेले दोन, म्हणजे मधली रेघ स्वच्छ राहते. पतंगाचं टोक मोडलंच तर टाकून देऊ नका, घट्ट आयसिंग मागच्या बाजूने लावून जोडा, तासभर पालथी ठेवा, पक्की बसते. उरलेलं आयसिंग हवाबंद डब्यात, बलकाचं असेल तर फ्रीजमधे दोन दिवस. खाली पाणी सुटलेलं दिसेल, ते ओतून टाकायचं नाही, चमच्याने परत हलवून घ्यायचं आणि पुन्हा सुरी ओढून १५ मोजायचे.