ओस पडलेली बाग पावसाआधी नांदती करायची तर

एप्रिल निम्मा सरला की हातात जेमतेम दोन महिने उरतात. नवी मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो, आणि सेक्टरातली ओस पडलेली बाग पुन्हा नांदती करायची तर बाकी सगळी कामं त्याआधी उरकलेली हवीत. रोपं सर्वांत शेवटी. आमच्या कोपरखैरण्यातल्या बागेत आम्ही नेमकं उलटं केलं होतं. पहिल्या पावसात साठ रोपं लावली, सगळ्यांनी फोटो काढले, आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यातली सात उरली. ती साठ रोपं अजून मनात सलतात, म्हणून ही यादी.

आधी एक वही घ्या आणि बाग पाच वेळा पाहा: पहाटे सहाला, भर दुपारी, शाळा सुटल्यावर, दिवेलागणीला आणि रात्री नऊला. त्यात एक रविवार हवाच. कोण येतं, कुठे टेकतं, कोण फाटकापर्यंत येऊन मागे फिरतं, हे लिहा. दुपारी फाटकाला कुलूप असेल तर चार घरची कामं आटोपलेल्या मावश्या आणि डिलिव्हरीची मुलं बाहेर फुटपाथवर सावली शोधत बसलेली दिसतील. त्यांची नोंद ठळक करा. बाग त्यांचीही आहे, आणि सावलीची गरज त्यांनाच सर्वांत जास्त आहे. बायका कुठल्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत, हे पुरुषांनी अंदाजाने लिहू नये, विचारून लिहावं.

न्यूयॉर्कमधल्या ब्रायंट पार्कची गोष्ट इथे उपयोगी पडते. १९७०च्या दशकात तिथे अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाला होता. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी माणसं कशी वावरतात याचं निरीक्षण करून दाखवून दिलं की झुडपं आणि कठड्यांमुळे रस्त्यावरून आतलं दिसत नाही, म्हणून साधी माणसं आत पाऊल टाकत नाहीत. १९९२मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा आडोसे कमी झाले होते, वाटा मोकळ्या झाल्या होत्या आणि हव्या तिथे ओढून बसता येतील अशा खुर्च्या आल्या होत्या. आपल्याकडे निदान फाटकाजवळची मेंदी कंबरेच्या खाली छाटून घ्या. तेवढ्यानेही फरक पडतो.

मग कागद. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७०चं, महापालिका १९९२ची; भूखंड एकाकडून दुसरीकडे टप्प्याटप्प्याने गेले, तेव्हा तुमची बाग आज कुणाच्या ताब्यात आहे हे महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारूनच पुढे जा. ठाण्यात असाल तर प्रभाग समितीचं कार्यालय गाठा. देखभालीचं कंत्राट आहे का, कधीपर्यंत आहे, त्यात माळी किती लिहिलेत आणि प्रत्यक्षात किती येतात, हे चार प्रश्न लेखी द्या. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहितीच्या अधिकारात अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे अर्ज आत्ताच जायला हवा.

जमिनीकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि आमची रोपं तिथेच मेली. नवी मुंबईतले कितीतरी सेक्टर खाजणात आणि मिठागरांवर भराव टाकून उभे राहिलेत. पहार मारली की वीतभर लाल माती, खाली मुरूम नाहीतर डेब्रिज, त्याखाली काळा चिकट गाळ. दोन फूट खड्डा घ्या, संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओता आणि सकाळी जाऊन पाहा. पाणी तसंच असेल तर तिथे बहावा लावू नका, त्याची मुळं कुजतील. खारट जागी करंज आणि उंडी तग धरतात, ओलीत ताम्हण. मातीतला खारटपणा तपासून घेतलात तर फारच उत्तम. आमच्याच कोपरखैरण्यात निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं आहे. वाईट जमिनीतही बाग होते, फक्त ती जमीन आधी ओळखावी लागते.

मे महिन्यात खड्डे खणून उन्हाने तापू द्या. भोवती दोरी बांधा, पोरं खेळताना पडतात. जुन्या झाडांच्या बुंध्याला घट्ट बसवलेले पेव्हर ब्लॉक मीटरभर काढून घ्या. वाळक्या फांद्या पावसाआधी उतरवायच्या, पण परवानगी घेऊनच; झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा महापालिकेलाही लागू आहे आणि सोसायटीलाही. पालापाचोळा कुणालाही जाळू देऊ नका. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका, मधूनमधून ओला करा. पावसाळी गटाराचे चेंबर मेअखेर उपसून घ्या. बंद कारंजं आणि तुटक्या कुंड्या रिकाम्या करा, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

दिवे, झोपाळ्याच्या साखळ्या, घसरगुंडीखाली फूटभर वाळू, व्हीलचेअरसाठी १:१२ चढाचा (बारा फुटांत एक फूट चढणारा) उतार: यांची एकच लेखी मागणी करा. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि चालू स्वच्छतागृह त्यात पहिल्या ओळीत लिहा. ते नसेल तर आजी-आजोबा अर्ध्या तासात उठून घरी जातात.

आता पाणी. जूनमध्ये लावलेल्या रोपाला ऑक्टोबरपासून पुढच्या पावसापर्यंत हाताने पाणी लागतं, आणि असे निदान दोन उन्हाळे. महापालिका सांडपाणी शुद्ध करून बागांना वापरते. ती लाइन तुमच्या बागेपर्यंत येते का, हे त्याच अर्जात विचारा. मग कॅलेंडर घ्या आणि कुठल्या वारी कोण पाणी घालणार त्यांची नावं लिहा. जेवढ्या रोपांना पाणी घालणारे मिळतील तेवढीच रोपं आणा. पंधरा असतील तर पंधरा.

आणि माळीदादांना पहिल्या बैठकीला बोलवा, खुर्ची देऊन बसवा. कुठे पाणी तुंबतं, कुठला नळ रात्री गळतो, कुठलं झाड आतून पोकळ आहे, हे त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी फाटकाच्या कुलपाची दुसरी किल्ली कुणाच्या घरी राहील ते त्याच बैठकीत ठरवा. फाटकाला सर्वांत जवळच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिथे पहाटे साडेपाचला कुणीतरी जागं असतं अशा घरी.