आफ्रिकन व्हायोलेट: नुसतं जगवायचं नाही, फुलवायचं कसं

नर्सरीतून फुलांनी भरलेलं आणलेलं आफ्रिकन व्हायोलेट बहुतेक घरांत काही महिन्यांत माना टाकतं आणि गाभ्यातून काळं पडून जातं. दोष दिला जातो हवेला, खताला, कधी नर्सरीवाल्याला. खरं कारण जवळजवळ नेहमी मुळांशी असतं: तिथे ओल सतत आहे, पण हवा नाही. मुळांशी ओल आणि हवा दोन्ही असण्याला शेतकरी वाफसा म्हणतात; ती स्थिती कुंडीत कायम राखता आली, तर बाकीच्या चुका हे झाड बऱ्याच माफ करतं आणि वर्षातले कितीतरी महिने फुलत राहतं.

त्याच्या मूळ ठिकाणाकडे पाहिलं की हे पटतं. टांझानियातल्या उसांबारा डोंगरात आणि आसपासच्या भागात, जंगलाच्या सावलीत, शेवाळलेल्या कातळांच्या कपारीत ते वाढतं. मुळांखाली जेमतेम बोटभर पालापाचोळा असतो आणि पडलेलं पाणी लगेच निथळून जातं. हा भाग जर्मनांच्या ताब्यात असताना, १८९२ मध्ये, तिथले अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल यांनी ही वनस्पती जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवली. पुढच्याच वर्षी हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हर्मान वेंडलांड यांनी तिचं सेंटपॉलिया असं नामकरण केलं. २०१५ पासून शास्त्रज्ञ तिला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत धरतात, पण बाजारात जुनंच नाव चालतं.

कुंडी लहान, माध्यम हलकं

मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात. म्हणून कुंडीचा व्यास झाडाच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश ठेवायचा. पानांचा घेर १२ इंच असेल तर ४ इंची कुंडी, ९ इंच असेल तर ३ इंची. मिनिएचर जातींना दोन-अडीच इंच पुरे. "वाढायला जागा राहू दे" म्हणून सहा इंची कुंडीत लावलं, तर मुळं न पोचलेल्या भागात पाणी साचून राहतं आणि कूज तिथूनच सुरू होते. प्लॅस्टिकची कुंडी चांगली. मातीच्या कुंडीच्या काठावर क्षार जमतात आणि त्याला टेकलेले देठ सडतात.

बागेतली लाल माती, शेणखत, पोयटा यातलं काहीही नको. लावणीचं मिश्रण वाटीने मोजून असं करावं:

- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ वाट्या
- परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके कण; हवा खेळती ठेवतात) २ वाट्या
- व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पापुद्र्यासारखे कण; ओल धरतात) १ वाटी

कोकणात आणि मुंबईत परलाइट अडीच-तीन वाट्यांपर्यंत न्यावं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत व्हर्मिक्युलाइट अर्धी वाटी वाढवलं तरी चालतं. परलाइट कोरडं असताना त्याची बारीक धूळ उडते, ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून आधी थोडं पाणी शिंपडून घ्यावं.

कोकोपीटची वीट पाण्यात घातली, फुगली आणि वापरली, असं करू नये. त्यात मीठ असतं. भिजवून, फडक्यात पिळून, ते पाणी फेकून, असं किमान तीनदा करावं. नव्या झाडाच्या पानांच्या कडा पंधरा दिवसांत तपकिरी पडल्या तर पहिला संशय न धुतलेल्या कोकोपीटचा घ्यावा. मिश्रण कुंडीत भरताना दाबायचं नाही. कुंडी टेबलावर दोनदा आपटली की ते बसतं तेवढं पुरे.

प्रकाश

महाराष्ट्रात पूर्वेची खिडकी सर्वात सोयीची. सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण मार्च ते मे या काळात नऊनंतर पातळ पडदा हवा. उत्तरेच्या खिडकीत वर्षभर ठेवता येतं, फक्त हिवाळ्यात तिथे उजेड कमी पडतो. दक्षिणेला नेमकं उलटं: हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि ऊन थेट आत येतं. पश्चिमेची खिडकी टाळावी, दुपारच्या उन्हात काच तापते आणि पानं भाजतात.

उजेड पुरेसा आहे का हे बघायला पानांच्या फूटभर वर हात धरावा. सावली मऊ, पुसट कडांची पडली तर ठीक. कडा ठसठशीत असतील तर ऊन जास्त आहे आणि सावली दिसतच नसेल तर फुलं विसरा. झाडही सांगतं. देठ लांब होऊन पानं वर उठली तर उजेड कमी पडतोय. पानं फिकी होऊन कुंडीला मिठी मारल्यासारखी खाली वळली आणि गाभा आवळला, तर उजेड जास्त होतोय. झाड दर आठवड्याला पाव फेरी फिरवावं, नाहीतर ते एका बाजूला कलतं.

फ्लॅटमध्ये खिडकीचा भरवसा नसेल तर साधी २० वॉटची चार फुटी एलईडी पट्टी चालते. ६,५०० केल्विनचा पांढरा प्रकाश घ्यावा, जांभळ्या 'ग्रो लाइट'ची गरज नाही. पानांपासून २५ ते ३० सेंमी वर टांगून रोज १० ते १२ तास लावावी. फूटभर रुंद फळीला एक पट्टी पुरते, दोन फुटी फळीला दोन लागतात. रात्रीचा सलग आठ तास अंधार मात्र हवाच, त्याशिवाय कळ्या नीट धरत नाहीत.

पाणी

वरचा एक-दीड सेंमी थर बोटाला कोरडा लागला आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली की पाणी द्यायचं. वारावर पाणी घालू नये. जुलैत दहा दिवस पाणी लागत नाही आणि एप्रिलात तिसऱ्या दिवशी लागतं. कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी घालायचं, २० ते ३० मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं.

पाण्याचं तापमान खोलीइतकं असावं. पानापेक्षा गार पाणी पडलं की पानावर पिवळट-पांढरी कडी आणि नक्षी उमटते. ती बुरशी नसते आणि कधीच जात नाही. पुण्याच्या जानेवारीतलं सकाळचं नळाचं पाणी यासाठी पुरेसं गार असतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं कढत पाणीही नकोच. आदल्या रात्री बाटलीत भरून घरात ठेवलेलं पाणी सर्वात बरं. बोअरवेलचं जड पाणी सतत दिलं तर नवी पानं पिवळी पडतात आणि मातीवर पांढरा थर येतो. तिथे पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरावं, नाहीतर निदान निम्मं-निम्मं.

झाडं पाच-सहाच्या वर गेली की वातीची पद्धत लावावी. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्याला, अर्धा किलो श्रीखंडाचा उत्तम, झाकणाच्या मधोमध भोक पाडायचं. ॲक्रिलिक लोकरीचा किंवा नायलॉनचा दोरा ओला करून कुंडीच्या तळाच्या भोकातून मधल्या उंचीपर्यंत आत घ्यायचा आणि खाली ८-१० सेंमी लोंबू द्यायचा. सुती वात नको, ती कुजते. कुंडी झाकणावर ठेवायची. कुंडीचा तळ आणि पाणी यांत दीड-दोन सेंमी हवा राहिली पाहिजे. पहिल्यांदा वरून पूर्ण भिजवावं, म्हणजे वात पाणी ओढायला लागते. डबा दर आठवड्याला धुवावा. झाकण घट्ट असलं की डासांचीही सोय होत नाही. मातीच्या मिश्रणात हे जमत नाही, सगळं लगदा होतं. आणि पावसाळ्यात मिश्रण ओलंगच्च वाटलं तर कुंडी दोन-तीन दिवस डब्यावरून उतरवून ठेवावी.

खत

कृषी सेवा केंद्रात मिळणारं पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) चालतं, पण पाकिटावरच्या मात्रेत नाही. ती शेतासाठी असते. इथे ४ लिटर पाण्याला १ ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमच्याच्या आसपास, एवढं पुरे. वातीच्या डब्यात कायम हेच पाणी ठेवता येतं. महिन्यातून एकदा मात्र वरून साधं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत.

फुलं यावीत म्हणून ००:५२:३४ (नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) टाकण्याची पद्धत आहे. उजेड कमी असेल तर त्याचा उपयोग शून्य. केळीच्या साली, चहाचा चोथा, ताक या गोष्टी तर कुंडीत घालूच नयेत. घरात चिलटं होतात, एवढाच त्यांचा परिणाम.

हवामान

१८ ते २७ अंश सेल्सिअस ही त्याची आवडती कक्षा. तिशीच्या वर गेलं की कळ्या उघडण्याआधीच सुकून गळतात. ते आजारपण नव्हे. अशा दिवसांत कळ्या आधीच खुडाव्या, खत बंद करावं आणि झाड घरातल्या सर्वात गार खोलीत, जमिनीजवळ ठेवावं. नागपूर-अकोल्याकडे कूलरच्या खोलीत ते बरं राहतं, पण कूलरच्या थेट झोतात नको. दहा-बारा अंशांवर वाढ थांबते, म्हणून थंडीच्या रात्री ग्रिलमधून आत आणावं.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. तेव्हा गाभ्यात थेंब राहू देऊ नये, कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवावं आणि छोटा पंखा मंद, झाडांवरून न जाता बाजूने फिरणारा, दिवसभर चालू ठेवावा.

छाटणी आणि कुंडी बदल

एका झाडाला एकच गाभा हवा. पानांच्या बगलेतून निघणारी पिल्लं वेळीच काढावीत, नाहीतर झाड गर्दी करतं आणि फुलं थांबतात. कळीचा दांडा आणि पिल्लू सुरुवातीला सारखंच दिसतं. चार पानं मोजता आली की पिल्लू समजावं आणि बोथट पेन्सिलीच्या टोकाने उकलून टाकावं. फुलं साधारणपणे नव्या पानांच्या बगलेत येतात, म्हणून खालची म्हातारी पानं राखण्यात अर्थ नाही.

ती काढत गेलं की खाली उघडं खोड, म्हणजे 'मान', दिसायला लागते. दर सहा-आठ महिन्यांनी ती मिटवायची. झाड बाहेर काढा, मानेवरची खरबरीत साल बोथट सुरीने हलकेच खरवडा. मान जितकी लांब तितकाच मुळांचा गोळा खालून कापा आणि त्याच कुंडीत झाड खाली बसवून पानांच्या शेवटच्या ओळीपर्यंत नवं मिश्रण भरा. खरवडलेल्या भागातून नवी मुळं फुटतात. मान चार सेंमीपेक्षा लांब झाली असेल तर गाभा सरळ कापून ओलसर मिश्रणात लावा आणि तीन-चार आठवडे पारदर्शक पिशवीत ठेवा.

काय बिघडलंय?

माती ओली असूनही पानं लुळी पडली आहेत, तर पाणी देऊ नका. मुळं गेली आहेत. झाड उपसून तपकिरी, गिळगिळीत भाग पांढरं-हिरवं निरोगी खोड लागेपर्यंत कापा आणि वरचा गाभा पिशवीत मुळं धरायला ठेवा. गाभाच मऊ झाला असेल तर बाहेरची दोन-तीन धडधाकट पानं वाचवा, बाकी टाकून द्या.

देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने एकेक टिपायचे, दर पाच दिवसांनी, महिनाभर. तेच पांढरं मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला दिसलं तर सगळं मिश्रण फेकून गाभा कापून नव्याने लावणं शहाणपणाचं. कडुनिंबाचं तेल या केसाळ पानांवर फवारू नये. ते लवीत अडकून डाग पाडतं.

पाकळ्यांवर पिवळे परागकण सांडलेले दिसले तर फुलकिडे आहेत. सगळी फुलं-कळ्या खुडा आणि सहा ते आठ आठवडे नवी कळी येऊ देऊ नका. पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी दिवसा ऊब, रात्री गारवा आणि कोंदट हवा असली की येते. अंतर वाढवा, हवा खेळती करा, कोमट पाण्याखाली पानं धुऊन गाभा टिश्यूने टिपून घ्या.

मधली पानं बारीक, करडी, अति केसाळ आणि आवळलेली दिसत असतील तर डोळ्यांना न दिसणारे कोळी असण्याची शक्यता मोठी. ते झाड पिशवीत बांधून टाकून द्यावं आणि साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला शिवू नये. या कारणासाठीच नवं झाड आणलं की महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं.

पानापासून रोप

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला हंगाम. मधल्या ओळीतलं पान घ्या. सर्वात खालचं जून असतं, गाभ्याजवळचं कोवळं. देठ अडीच सेंमी ठेवून तिरका कापा, तिरक्या कापाचा उघडा भाग पानाच्या वरच्या बाजूकडे राहील असं देठाचं टोक सेंमीभर खोचा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला पालथा घाला. मिश्रणात पाण्याचा ओलावा हवा, पिळल्यावर पाणी ठिबकायला नको. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, आठ ते बारा आठवड्यांत पिल्लं वर येतात. पिल्लाची पानं रुपयाच्या नाण्याएवढी झाली की एकेक वेगळं करून दोन इंची कुंडीत लावा. त्यानंतर फुलाला सहा ते नऊ महिने.

पाकळ्यांवर मध्यापासून कडेपर्यंत सरळ पट्टे असलेल्या, चक्रीसारख्या दिसणाऱ्या कायमेरा जाती मात्र पानातून तशाच येत नाहीत. एकरंगी फुलं निघतात. त्या पिल्लापासून किंवा फुलदांड्यापासूनच वाढवाव्या लागतात, आणि म्हणूनच त्या महाग असतात. कोणी कायमेराची पानं स्वस्तात विकत असेल तर घेऊ नका.