लघवीची नळी असलेल्या पेशंटची घरी काळजी कशी घ्यावी

पेशंट नळीसकट घरी आला की आधी त्याला कॉटवर झोपवा. सोलापुरात कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांना खाली अंथरुणावर झोपायची सवय असते, आणि पडायची भीती नाही म्हणून घरचेही तेच बरं म्हणतात. पण लघवी साठणारी पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली हवी आणि ती जमिनीला टेकायला नको. खाली झोपलेल्या माणसाला हे दोन्ही जमत नाही. कॉट भाड्याने मिळते, ती आणा.

पिशवी कॉटच्या पट्टीला अडकवा. वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको. नळीला थोडी ढील ठेवून ती मांडीवर चिकटपट्टीने लावा, म्हणजे कूस बदलताना नळीला मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या फुग्यावर ओढ बसत नाही.

स्वच्छतेला साधा साबण आणि पाणी पुरतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पेशंटसाठी एक बादली वेगळी भरून झाकून ठेवा. आधी हात धुवा, नंतरही धुवा. बायकांना पुढून मागे पुसा. पुरुषांची पुढची कातडी मागे घेऊन धुतली, तर ती परत पुढे आणायचीच. मागे राहिली तर सुजून अडकते आणि पळत दवाखाना गाठावा लागतो. डेटॉलचं पाणी, पावडर, हळद यातलं काहीही लावू नका. कोणी कितीही सांगितलं तरी नको.

पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. तोटी भांड्याला टेकवू नका. नळी आणि पिशवीचा जोड सोडू नका, जंतू तिथून आत शिरतात.

खरी परीक्षा असते ती पिशवीत लघवी उतरायची थांबते तेव्हा. सुरुवातीला मलाही याच वेळी काही सुचायचं नाही, आणि घरच्यांची तर गाळणच उडते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरी गेले होते. मुलगा म्हणाला, "सिस्टर, अण्णांची किडनी बंद पडली." मी आधी अण्णांच्या अंगावरची जाड सोलापुरी चादर बाजूला केली. नळी मांडीखाली दबून चपटी झाली होती. मांडी उचलली, नळी सरळ केली, आणि लघवी धो धो उतरली.

म्हणून क्रम पक्का धरा. चादर पूर्ण काढा, वरवर चाचपून चालत नाही. जिथून नळी अंगाबाहेर येते तिथपासून पिशवीपर्यंत बोटांनी सगळी नळी तपासा: कुठे मुडपली आहे का, पीळ पडलाय का, अंगाखाली दबली आहे का. मग पिशवी बघा. भरली असेल तर रिकामी करा, वर राहिली असेल तर खाली घ्या. पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करा. आणि शौच कधी झालं ते विचारा. पोटात शौचाचा खडा धरला की त्याचा दाब नळीवर येतो, हे कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही.

इतकं करूनही लघवी येत नसेल, किंवा ओटीपोट टणक फुगलं असेल, किंवा पेशंट कळवळत असेल, तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या. सिरिंजने पाणी मारून नळी मोकळी करा असं शेजारीपाजारी हमखास सांगतात. ऐकू नका. नळी ओढूही नका: आत पाण्याने भरलेला फुगा असतो, तो तसाच बाहेर खेचला तर मूत्रमार्ग फाटून रक्त येतं. नळीच्या बाजूने लघवी गळत असेल तरी आधी हेच सगळं तपासा. जाड नळी टाकून घेण्याचा आग्रह धरू नका, बहुतेक वेळा त्याने त्रास वाढतो.

रिक्षातून नेताना एक चूक नेहमी दिसते: सोबतचा माणूस पिशवी सलाईनसारखी उंच धरून बसतो. त्याने साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जायचा धोका असतो. पिशवी आधी रिकामी करा आणि सीटखालच्या बाजूला, पण रिक्षाच्या तळाला न टेकवता धरा.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा 40 च्या वर जातो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक देत राहा. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे बहुधा पाणी कमी पडतंय.

थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, लघवीत रक्ताच्या गाठी, किंवा म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका.

नळी टाकल्याची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. साधी लॅटेक्सची नळी साधारण 2 ते 4 आठवड्यांनी बदलतात, पूर्ण सिलिकॉनची 12 आठवड्यांपर्यंत चालते. तुमच्या पेशंटचं डॉक्टर सांगतील तेच खरं. आणि प्रत्येक तपासणीला न लाजता विचारा, "नळीची अजून गरज आहे का?" जितके दिवस नळी आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त.