रुक्मिणीला ऊसतोडीच्या गावात आणताना

आत्याचं लग्न जमेना तेव्हा आजीनं तिला पाटावर बसवून एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला लावलं होतं. मी दहा वर्षांची, शेजारी बसून ऐकायचे. लग्न जमावं म्हणून वाचायच्या पोथीतली नायिका घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडते, हे माझ्या ध्यानात यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. आता मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला मराठी शिकवते. आपल्या वयाच्या पोरांसाठी प्रेमकथा लिहायची म्हणून कुणी वही घेऊन आलं, की हीच कथा आजच्या काळात, आपल्या गावात आणून लिही म्हणून हातात देते.

आधी मूळ कथा नावं न घेता सांगून बघा. एका मुलीनं नुसतं ऐकून एकाला मनानं वरलं. भावानं दुसरीकडं ठरवलं. तिनं पत्र पाठवून त्याला बोलावलं आणि देवीच्या दर्शनाहून ती त्याच्या रथात बसून गेली. बहुतेक मुलं इथं रथाची बुलेट करतात आणि काम झालं समजतात. खरं काम पुढंच असतं. भाऊ का अडवतो, याचं आजचं, आपल्या मातीतलं कारण शोधावं लागतं.

हे कसं जमतं त्याचा एक नमुना बघा. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये घरात पाच मुली, पण इस्टेट जाणार पुरुष वारसाकडं. इबी झोबोई यांनी २०१८ साली ‘प्राइड’मध्ये ती कथा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बुशविक मोहल्ल्यात नेली. नायिका झुरी हैती-डॉमिनिकन घरातली. समोरच्या नव्यानं सजवलेल्या घरात श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येतं, आणि आपला मोहल्ला आपल्या हातून चालला म्हणून तिचा जीव जळतो. अडसर बदलला, तरी टोचणी तीच राहिली.

आपल्याकडं बीड जिल्ह्यात हा अडसर ऊसतोडीचा कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. सहा महिने फडावर जायचं तर तरणी बहीण वस्तीवर कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून लग्न लवकर. माझ्या वर्गातल्या दोन मुली दिवाळीनंतर परत आल्याच नाहीत, त्यांची हजेरी मी अजून विसरले नाही. तुमच्या कथेतला भाऊ दुष्ट करू नका, त्याची भीती खरी आहे. नायिका मात्र एकोणीस वर्षांची ठेवा. २००६ च्या कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे, आणि आपला निर्णय आपण घेण्याइतकी ती मोठी हवी.

पत्राशी सावकाश थांबा. भागवतात ते सात श्लोकांचं आहे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, तेव्हा ये, हा बेत रुक्मिणीच सांगते. बाकी काहीही बदला, बेत तिचाच राहू द्या. फोन भावाकडं असणार, तेव्हा चिठ्ठीच लिहावी लागेल. नेणार कोण? आमच्या एका विद्यार्थिनीनं आशाताई, म्हणजे गावातली आरोग्याचं काम करणारी बाई, निवडली, कारण ती कुणाच्याही घरात शिरू शकते. मला ते फार आवडलं.

ज्या घरात तुम्ही जेवला नाहीत त्या घराची गोष्ट लिहायची, तर त्या घरातल्या कुणाला तरी आधी वाचून दाखवा. एकानं नायिका बंजारा तांड्यावरची केली आणि तिला तिच्या आईला ‘आई’ म्हणून हाक मारायला लावली. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “आमच्यात याडी म्हणतेत.” त्यानं तिथंच खोडून लिहिलं. पुढचे दोन आठवडे दोघं मिळून सगळे संवाद नीट करायलेत, हे मी रोज बघत होते. तांड्यात गोरमाटी ही बंजारा बोली, मुकादमापुढं मराठी, बाजारात दखनी, एकाच पोरीच्या तोंडी तिन्ही येऊ द्या.

शेवट रथावर करू नका. मूळ कथेत रुक्मिणीचा भाऊ रुक्मी पाठलाग करतो, हरतो, कृष्ण त्याचे केस-मिशा भादरतो, आणि त्यासाठी बलराम कृष्णालाच बोल लावतो. रुक्मी पुन्हा आपल्या गावी, कुंडिनपुरात, परतत नाही. तुमच्या कथेत भावानं ठरवलेल्या नवऱ्या मुलानं जोडीची उचल घेतलेली आहे, आता त्याच्याकडं अर्धाच कोयता उरला. मुकादम कुणाच्या दारात येईल? तो प्रसंग भावाच्या तोंडून लिहा, बहिणीची चिठ्ठी त्याच्या खिशात असताना.