बोल्ट आणायला बाजारात जायच्या आधी

दुकानात जाऊन ‘तेरा नंबरचा बोल्ट द्या’ म्हणू नका, तेरा हा पान्याचा नंबर आहे, बोल्टचा नाही. तेराचा पाना बसतो तो बहुतेक वेळा एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा, असतो हे खरंय, पण बऱ्याच बाईकमध्ये त्याच एम ८ ला १२ चं डोकं असतं, आणि एम १० ला कुठे १७, कुठे १६, कुठे १४, म्हणजे डोक्यावरून साईज सांगायचीच नाही, माप दांड्याचं घ्यायचं.

त्याआधी बोल्ट डिझेलमध्ये भिजवून जुन्या ब्रशने घासा. कापड विणायच्या मागाचा बोल्ट असेल तर आट्यांत तेल आणि सुताचा कचरा असा दाबून बसलेला असतो की वरून आटे दिसतात चांगले पण माप चुकतं. मग व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) लावा, आट्यांच्या टोकांवरून, जिथं झीज नाही तिथं. एम ८ कधी पूर्ण ८ दाखवत नाही, ७.८ ते ७.९५ च्या मधे येतो, त्यामुळे ७.८५ दिसलं की झिजलाय असं समजू नका. हातात फक्त नट असेल तर त्याचं भोक साधारण ६.७-६.८ भरतं, ते बघून एम ७ मागितला की गेला हेलपाटा.

आता पीच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, आणि इथं घाई करायची नाही, कारण सगळा गोंधळ इथंच होतो. पीच गेज नसलं तरी चालतं, साधी स्टीलची पट्टी घ्या, एका आट्याच्या टोकावर शून्य ठेवा, त्या टोकाला शून्यच म्हणायचं एक नाही, आणि तिथून दहाव्या टोकापर्यंत किती मिलिमीटर होतात ते बघा. एम ६ ला १०, एम ८ ला साडेबारा, एम १० ला १५, एम १२ ला साडेसतरा. एम १० वर १५ च्या ऐवजी साडेबारा आले तर तो बारीक आट्याचा आहे, दुकानात १.२५ पीच असं स्पष्ट सांगा. आणि एम ८ वाटणाऱ्या बोल्टवर साडेबाराच्या जागी १४ च्या थोडं पुढं आलं तर तो मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचा) नाहीच, अडीच सुती आहे, म्हणजे ५/१६ इंच. त्याची जाडी ७.९४, व्हर्नियरला फरक कळतच नाही ओ! जुन्या मागांवर, जुन्या मशिनींवर इंची आटे भरपूर सापडतात, नट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो, आणि मग पान्याने जोर लावला की दोन्हीचे आटे जातात. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारलं तर तो हात लावूनच सांगेल, पण पट्टी लावलेली बरी.

लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत घ्या, डोकं धरायचं नाही. फक्त चपट्या, आत बसणाऱ्या काउंटरसंक डोक्याचा असेल तर डोक्यासकट. अर्धा आटा (दांड्याच्या काही भागालाच आटे) की फुल आटा (डोक्यापर्यंत आटे) तेही बघून ठेवा.

डोक्यावर ग्रेडचा, म्हणजे ताकदीचा, आकडा असतो, ८.८, १०.९, १२.९, त्याचा फोटो काढून घ्या. ८.८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटणारा, आणि त्याच्या ८० टक्क्यांना कायमचा ताणला जाणारा. जिथं १०.९ होता तिथं त्याच्यापेक्षा कमी ग्रेडचा बसवू नका, ब्रेक आणि सस्पेन्शनला तर अजिबात नाही. स्टेनलेस चकचकीत दिसतो म्हणून घेऊ नका, नेहमीचा ए २-७० ग्रेडचा स्टेनलेस हा ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो. डोक्यावर आकड्यांऐवजी रेघा असतील तर तो इंची.

शेवटी कागदावर एका ओळीत लिहा: एम ८ × १.२५ × ४०, ८.८, अर्धा आटा, नट आणि स्प्रिंग वॉशरसकट, आणि संख्येत एखादा जास्त धरा, कारण मशिनीत एक गळून पडला की शोधण्यात अर्धा दिवस जातो. सायकलच्या डाव्या पेडलचं काही असेल तर ‘उलटा आटा’ असं आवर्जून लिहा. जुना बोल्ट आणि त्याचा नट दोन्ही बरोबर न्या. काउंटरवरच नवीन बोल्टवर नट बोटांनी फिरवून बघा, शेवटपर्यंत सुळकन जायला पाहिजे, आणि जुन्याच्या आट्यांना नवीन आटे लावून उजेडाकडे धरा, मधून फट दिसली की पीच वेगळी, तो तिथंच परत द्या की.